काचेमागचे देव

बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात दरबार हॉलच्या खिडक्यांमध्ये हिंदू देवदेवता आहेत. तसबिरीतल्या नव्हेत, थेट तावदानातल्या. रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडून ही तावदाने युरोपात घडवली गेली. बाहेरचे ऊन त्यांतून आत उतरते तेव्हा देवांच्या अंगावरचे रंग पेटल्यासारखे दिसतात. राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मांट याचा. तो १८८१ साली वारल्यावर रॉबर्ट चिझमने काम पुढे नेले आणि १८९० साली वास्तू पुरी झाली. त्याच सुमारास याच राजवाड्यासाठी सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. इतिहासात असा योग क्वचित जुळतो. धनी एक, वास्तू एक, काळ एक, विषयही एकच; आणि तैलचित्र काय किंवा रंगीत काचेची खिडकी काय, दोन्ही कला युरोपातून आलेल्या. त्यांतल्या एकीचे पुढे काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको. १८९४ साली गिरगावात रविवर्म्याचा छापखाना निघाला, पुढे तो मळवलीला गेला, आणि त्याची लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्याशेजारी जाऊन बसली. दुसरीचे नाव राजवाडा पाहून आलेल्यांखेरीज कोणी काढत नाही. खिडकीतल्या देवांचा वंश वाढला नाही.

याचे सोपे उत्तर तयार असते: चित्र छापता येते, खिडकी छापता येत नाही. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते फार लवकर समाधान मानते. कारण रविवर्म्याच्या छापखान्याआधी शंभरएक वर्षे हिंदू देव काचेवर आलेला होता, आणि तो छापलेला नव्हता. एकेक प्रत हाताने रंगवलेली होती. तंजावरपासून कच्छपर्यंत त्याला गिऱ्हाईक होते. म्हणजे काच चालली, परदेशी तंत्र चालले, हाताने रंगवण्याचा खर्चही चालला. जे चालले नाही ते वेगळेच काही असले पाहिजे. मला वाटते ते म्हणजे देवाच्या पाठीमागून येणारा उजेड. आपल्या उपासनेत देव उजेडाने पाहिला जातो. देवातून आरपार उजेड पाहण्याची तिला सवय नाही. मागून उजळलेला देव आपल्याकडे कथेत शोभला, पूजेत बसला नाही. हे विधान पुराव्याने तपासता येते, आणि त्याविरुद्ध जे आक्षेप येतात तेही फुसके नाहीत.

आधी दोन्ही कलांतला फरक नीट पाहू, कारण ‘काचेवरचे चित्र’ म्हणून दोन्हींची एकत्र मोट बांधली जाते. युरोपी खिडकीत रंग काचेच्या पोटात असतो. वितळलेल्या काचेत कोबाल्ट घातले की ती निळी होते, तांब्याने लाल होते. अशा काचा आकाराप्रमाणे कापायच्या, चेहऱ्यावरच्या रेषा लोखंडाचा ऑक्साइड आणि काचेची पूड यांच्या मिश्रणाने काढायच्या, भट्टीत भाजून पक्क्या करायच्या आणि मग तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवून डाख द्यायचा. चांदीच्या क्षाराने काचेला पिवळी झाक आणण्याची युक्ती चौदाव्या शतकाच्या आरंभी हाती आली. पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या मठात सुजेर या मठाधिपतीने बांधवलेल्या भागाचे ११४४ साली समर्पण झाले, आणि तेव्हापासून या खिडक्यांना एक तत्त्वज्ञान चिकटले आहे: प्रकाश हेच ईश्वराचे उत्तम प्रतीक, आणि रंगीत काच तो प्रकाश माणसाला सोसेल असा करून आत सोडते. खिडकीचे सगळे सामर्थ्य बाहेरच्या सूर्यावर अवलंबून. सूर्य मावळला की आत उभ्या असलेल्या माणसापुढे शिशाची काळी जाळी तेवढी उरते.

उलट्या काचचित्राचे गणित याच्या विरुद्ध. साध्या पारदर्शक काचेच्या मागच्या अंगाला जाड, अपारदर्शक रंगांनी चित्र काढायचे, पाठीशी कागद किंवा फळी लावून चौकट करायची आणि पुढून पाहायचे. उजेड पाहणाऱ्याच्या बाजूने जातो, काचेपलीकडच्या रंगावर आपटतो आणि परत येतो. रंगाला वारा आणि धूर लागत नाही, म्हणून तो शतकभरानंतरही ओला भासावा इतका ताजा राहू शकतो. हे काम करणाऱ्या चिताऱ्याला मात्र सगळी सवय मोडून उलटी करावी लागते. कागदावर आधी पार्श्वभूमी, मग अंग, मग वस्त्र आणि शेवटी दागिने. काचेवर मोत्यांचे ठिपके, भुवया आणि डोळ्यांतली बुबुळे आधी, गाल त्यानंतर, मागचा पडदा सगळ्यांत शेवटी. पेणचा मूर्तिकार गणपतीच्या डोळ्यांची आखणी शेवटाला राखून ठेवतो, कारण डोळे आले की मूर्तीत देव आला. काचेवरचा चितारी नेमका तिथूनच सुरुवात करतो, आणि ज्या अंगाने तो रंगवतो त्या अंगाने त्याचे देव कधी कोणी पाहणार नसतो.

डाव्या-उजव्याची भानगड याहून मोठी. मागून काढलेले चित्र पुढून आरशासारखे उलटते. निसर्गदृश्याला त्याने काही बिघडत नाही; गणपतीला बिघडते. डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा झाला तर त्याचे सोवळे बदलते, आणि उजव्या सोंडेचा गणपती घरात ठेवायला लोक कचरतात. विष्णूचे तर विचारूच नका. शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या हातात या क्रमावरून केशव, माधव, त्रिविक्रम अशी चोवीस रूपे ठरतात. हात उलटले की मूर्तीचे नावच बदलते. चिताऱ्याने हे ध्यानात ठेवून आधीच उलटे काढले की पुढून सुलटे दिसते, आणि प्रश्न मिटतो, कारण या चित्राला पाहण्याची एकच बाजू आहे. खिडकीला दोन असतात. आतून डावी सोंड असलेला गणपती अंगणातून पाहणाऱ्याला उजव्या सोंडेचा दिसणार, आणि रात्री आत दिवे लागले की रस्त्यावरच्या माणसाला तोच स्पष्ट दिसणार. मूर्तिशास्त्र इतके काटेकोर पाळणाऱ्या परंपरेला ही साधी अडचण नाही. ख्रिस्ती संताच्या हातातली किल्ली डावीकडून उजवीकडे गेली म्हणून संत बदलत नाही.

काचेमागचे चित्र आपल्याकडे आले ते चीनच्या वाटेने. युरोपातली ही कला अठराव्या शतकात जेझुइट चित्रकारांमार्फत पेकिंगच्या दरबारात पोचली आणि लवकरच कँटनच्या बंदरात तिचा मोठा धंदा झाला. काचेचे मोठे सपाट तक्ते युरोपातून कँटनला जायचे, तिथे रंगवले जायचे आणि परत बाहेर विकले जायचे. मुंबई-सुरतेहून चीनला कापूस आणि अफू जात होती, परतीच्या जहाजांत चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी आणि त्यांच्यासोबत ही चित्रे येत होती. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा या व्यापारात मोठा हात होता. गिऱ्हाईक ओळखून कँटनच्या चिताऱ्यांनी हिंदू देव, नवाब आणि नायकिणी रंगवायला घेतल्या. काही चिनी चितारी तर इकडेच येऊन कच्छ, सातारा, म्हैसूर अशा दरबारांच्या आश्रयाने काम करू लागले. त्यांच्या हातच्या चित्रांत कृष्ण उभा असतो आपल्याच ऐटीत, पण मागची टेकडी आणि झाड चीनमधले असते. कच्छला काचेचे वेड याआधीच लागलेले होते. हॉलंडमध्ये कसब शिकून आलेल्या रामसिंह मालम या खलाशाने राव लखपतजीसाठी भुजचा आयना महाल सजवला आणि मांडवीत काचेचा कारखानाही काढला. हे अठराव्या शतकाच्या मध्यातले. रंगीत काच म्हणजे काय हे पश्चिम भारताला ठाऊक नव्हते असे म्हणायला जागा नाही.

पण या कलेला खरा हिंदू जीव लाभला तो तंजावरात, म्हणजे मराठ्यांच्याच राज्यात. व्यंकोजीराजांनी वसवलेल्या या गादीवर दुसरे सरफोजी १७९८ ते १८३२ पर्यंत होते, आणि लाकडी फळीवरच्या सोन्याच्या उठावाच्या, खडे जडवलेल्या देवचित्रांची शैली याच राजवटीत भरभराटीला आली. ती चित्रे राजू घराण्यांतले तेलुगुभाषक चितारी करत. सोने, खडे, महिनोन्‌महिन्यांचे काम. म्हणजे ती श्रीमंतांचीच. काच तिथे कामाला आली. उठाव देण्याऐवजी काचेच्या पाठीला दागिन्यांची जागा मोकळी सोडायची आणि तिथे मागून वर्ख किंवा चमकता कागद चिकटवायचा. दिवा पुढे आला की बाळकृष्णाच्या कमरेची साखळी लखलखते आणि सोने मात्र गुंजभरही लागत नाही. नवनीतकृष्ण, रामाचा पट्टाभिषेक, लक्ष्मी, सरस्वती, यशोदेच्या मांडीवरचा कृष्ण हे नेहमीचे विषय. चेट्टिनाडच्या वाड्यांत अशा चित्रांच्या रांगाच्या रांगा लागल्या. या चित्रांकडे ‘गरिबाचे तंजावर’ म्हणून नाक मुरडण्याची रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते, कारण वर्खाची ही युक्ती काचेच्या स्वभावातून आलेली आहे, उसनी नाही. आणि आपल्या मुद्द्यासाठी ती मोलाची आहे: वर्ख म्हणजे उजेड अडवणारी आणि परत फेकणारी वस्तू. काच हातात आल्यावर, ती पारदर्शक असल्याचा फायदा घेण्याऐवजी तिच्या पाठीला चकाकती भिंत घालण्याकडे या चिताऱ्यांचा ओढा होता.

तो ओढा कुठून आला हे देवळाचा गाभारा पाहिला की कळते. गाभाऱ्याला खिडकी नसते, असली तरी झरोका. दगडी चौकोनी अंधारात समई आणि निरांजन यांच्या उजेडात मूर्ती दिसते, आणि आरती करताना हातातला दिवा देवाच्या चेहऱ्यावर फिरतो. आपण ‘दर्शन घेतो’ तेव्हा पाहणे दोन्ही बाजूंनी घडते अशी श्रद्धा असते. म्हणून तर मूर्तीचे डोळे चांदीचे बसवतात आणि प्राणप्रतिष्ठेत नेत्रोन्मीलनाचा संस्कार असतो. मागून सूर्य असलेल्या चेहऱ्याचे डोळे दिसत नाहीत, निदान बाकीच्या रंगांहून वेगळे उठत नाहीत. देवळे बांधणाऱ्यांना सूर्य वापरता येत नव्हता असेही नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव त्याचा पुरावा आहे. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या आरंभीपर्यंत मावळतीची किरणे महाद्वारातून लांबच लांब वाट काढत आत येतात आणि दिवसागणिक चरणांपासून मुखाकडे चढतात. इतके अचूक गणित मांडणाऱ्या स्थपतीने सूर्याला देवीच्या समोर उभे केले, मागे नव्हे. आज वाटेतल्या इमारती किरणे अडवतात म्हणून कोल्हापुरात तक्रार होते ती याच कारणाने: सूर्याने येऊन देवीला पाहायचे, ते पाहणे चुकते.

यावर पहिला आक्षेप हवामानाचा. उत्तर युरोपात ऊन दुर्मिळ, सूर्य क्षितिजालगत, म्हणून मोठ्या खिडक्या. आपल्याकडे ऊन टाळण्यासाठी जाड भिंती, खोल वळचणी आणि जाळ्या. मग रंगीत खिडकी इथे रुजणार कशी? आक्षेपात तथ्य आहे, पण तो जास्त सिद्ध करतो. उदयपूरच्या राजवाड्यापासून गुजरातच्या हवेल्यांपर्यंत दारांच्या कमानींत लाल-हिरव्या-पिवळ्या काचा मुबलक आहेत. उन्हानेच त्या शोभतात. गोव्यात तर पुरावा देवळातच मिळतो. कवळ्याचे शांतादुर्गेचे देऊळ शाहू छत्रपतींच्या काळात, १७३८ च्या सुमारास उभे राहिले. त्याच्या सभामंडपाला युरोपी वळणाच्या कमानदार खिडक्या आहेत आणि त्यांतल्या काही तावदानांत रंगीत काचा आहेत. वर झुंबरे लटकतात. गोमंतकातल्या कारागिरांनी चर्चच्या वास्तूतून कमानी घेतल्या, दीपमाळेचे मनोरे वेगळ्या तऱ्हेने रचले, मंडपात काचही आणली. मात्र त्या काचांवर देवी नाही. नुसते रंग आहेत. कोणी म्हणेल की गोव्याच्या जुन्या चर्चमध्येच चित्रांच्या खिडक्या फारशा नव्हत्या, तिथे शिंपल्यांच्या पातळ चकत्यांची तावदाने असत, तेव्हा गोमंतकीयांनी पाहिले नाही ते करणार कसे? बरोबर. म्हणून हा पुरावा एकटा पुरेसा नाही. पण मुंबईत ही सबब चालत नाही. कुलाब्याच्या अफगाण चर्चचे समर्पण १८५८ साली झाले, त्याच्या खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सने केलेल्या. विद्यापीठाचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर १८७८ साली तयार झाले, बोरीबंदरचे स्थानक १८८८ साली. दोन्ही रंगीत काचांनी भरलेले. त्यानंतरच्या अर्धशतकात मुंबईत शेठ-सावकारांनी देवळे कमी बांधली नाहीत. त्यांनी परदेशी फरश्या आणल्या, बेल्जियमचे आरसे आणले, हंड्या-झुंबरे टांगली. एवढी काच विकत घेणाऱ्यांना दोन खिडक्या जड नव्हत्या.

खर्चाचा आणि उद्योगाचा आक्षेप याच्याच पाठोपाठ येतो. काच इथे बनत नव्हती, कारागीर नव्हते. पण तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला, लोकांच्या पै-पैशावर आणि लोकमान्यांच्या पाठबळावर. तिथे शिकलेले लोक पुढे देशभर पसरले. कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना १९१६ चा. स्वदेशीच्या भरात देवदेवतांचे राजकारण ऐन रंगात असताना, गणेशोत्सव चौकाचौकांत बसत असताना, या काचेचे काय झाले? कंदिलाच्या चिमण्या झाल्या, बाटल्या झाल्या, ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. देवापुढे ठेवायच्या दिव्याला स्वदेशी काच मिळाली. तावदानातला गजानन कोणी मागितला नाही, म्हणून कोणी केला नाही. युरोपात तर खिडकीला चिकटवायचे पारदर्शक छापील कागदही निघाले होते, रंगीत काचेची स्वस्त नक्कल म्हणून. पुण्याच्या चित्रशाळा प्रेससारख्या, १८७८ पासून देवांची चित्रे छापणाऱ्या संस्थेला तसले काही छापणे अवघड गेले नसते. मागणी असती तर पुरवठ्याने वाट काढली असती. देवांच्या छापील चित्रांच्या बाबतीत त्याने ती काढलीच, आणि गंमत अशी की ते छापील चित्र चौकटीत बसवून आपण पुन्हा काचेमागेच ठेवले. कुंकवाचे बोट कागदाला लागत नाही, काचेला लागते. जाणकार हळहळतात की ओलिओग्राफने, म्हणजे या रंगीत छापील चित्रांनी, काचचित्रांचा धंदा बुडवला. धंदा बुडाला हे खरे. मांडणी तीच राहिली.

आता खरा अवघड आक्षेप. मागून उजळलेला देव आपल्याला परका आहे असे म्हणताना चामड्याच्या बाहुल्यांचे काय करायचे? सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर पातळ कमावलेल्या कातड्यावर राम, रावण, हनुमान कोरतात, रंगवतात, आणि पडद्यामागे दिवा ठेवून नाचवतात. आंध्र आणि कर्नाटकात याच कलेचा मोठा विस्तार आहे. तिथल्या बाहुल्या लाल-निळ्या रंगांत, भोके पाडलेल्या दागिन्यांसह, पडद्यावर येतात तेव्हा रंगीत काचेच्या खिडकीशी त्यांचे रूप थेट जुळते. काळी बाह्यरेषा, आत आरपार दिसणारा रंग, मागे उजेड. युरोपी खिडकीची भारतीय बहीण शोधायची तर ती इथेच. मग उजेड मागून आला म्हणून देव नाकारला हे विधान टिकते कसे?

ते टिकते, आणि या उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. बाहुल्यांचा राम कथेतला राम आहे. तो येतो, बोलतो, बाण मारतो, जातो. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून कोणी उभे राहत नाही. खेळाच्या आरंभी गणपती येतो तोही आशीर्वाद देऊन निघून जातो. केरळातल्या तोल्पावकुत्तू या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात तर ही विभागणी वास्तूतच कोरलेली आहे. भद्रकालीच्या देवळासमोर बाहुल्यांसाठी स्वतंत्र मंडप असतो आणि कंब रामायणाचा खेळ रात्रीमागून रात्री तिच्याकडे तोंड करून चालतो. दारिकासुराशी लढत असल्याने तिचे राम-रावण युद्ध पाहायचे राहून गेले, म्हणून तिला ते दाखवायचे, अशी कथा आहे. माणसे पेंगली तरी चालते, प्रेक्षक देवी आहे. एकाच आवारात गाभाऱ्यातली देवी समोरच्या दिव्याने उजळते आणि पडद्यावरचा राम मागच्या दिव्याने. पूजा पहिलीची, कथा दुसऱ्याची. मागचा उजेड कोणत्या देवाला चालतो याची इतकी स्वच्छ सीमारेषा मला अन्यत्र दिसत नाही.

या रेषेला परदेशातूनही दुजोरा मिळतो, तोही अनपेक्षित ठिकाणाहून. रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात पूर्वेकडच्या विधींनी उपासना करणारे शेतकरी राहत. त्यांच्या उपासनेत प्रतिमेसमोर उभे राहायचे, तिच्या डोळ्यांत पाहायचे, तिला चुंबन द्यायचे, तिच्यापुढे दिवा लावायचा. लॅटिन पंथाची चर्च त्यांच्या शेजारीच होती. अठराव्या शतकात बोहेमिया-ऑस्ट्रियाकडून काचकाम त्यांच्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी काय घेतले? उलटी काचचित्रे. निकुला गावात १६९९ साली एका प्रतिमेच्या डोळ्यांतून अश्रू आल्याची वार्ता पसरली, यात्रा भरू लागली, आणि यात्रेकरूंना विकण्यासाठी काचेमागे रंगवलेल्या प्रतिमांचा व्यवसाय त्या गावात आणि भोवती वाढला. त्यांचा आपला काडीचा संबंध नाही. हवामान वेगळे, धर्म वेगळा. सारखी आहे ती प्रतिमेसमोर दिवा घेऊन उभे राहण्याची रीत, आणि काचेच्या दोन कलांपैकी निवडही सारखीच झाली.

आपल्या शेजाऱ्यांकडे पाहिले तरी नियम फार वाकत नाही. पारशांच्या काही अग्यारींत जरथुष्ट्राची रंगीत काचेतली प्रतिमा असते, पण जरथुष्ट्र प्रेषित आहे. पूज्य आतश, म्हणजे पवित्र अग्नी, आतल्या बंदिस्त दालनात स्वतःच्याच उजेडाने तेवतो. इंदूरला शेठ हुकुमचंदांनी बांधलेल्या जैन काच मंदिरात जमिनीपासून छतापर्यंत काच आहे आणि तिच्यावर कथाही सांगितल्या आहेत. तीर्थंकरांच्या मूर्ती मात्र पाषाणाच्या.

म्हैसूरचा राजवाडा या संदर्भात मला बडोद्याहून अधिक बोलका वाटतो. १८९७ साली जुना लाकडी राजवाडा लग्नसमारंभात जळाला, हेन्री अर्विनने नवा बांधला, १९१२ साली तो पुरा झाला. अष्टकोनी कल्याणमंटपाचे लोखंडी खांब ग्लासगोच्या ओतकामाचे आणि वर रंगीत काचेचे छत. चामुंडेश्वरीचे भक्त असलेले वाडियार तिथे हवी ती देवता बसवू शकत होते. त्यांनी मोर बसवले. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात न्यू वृंदावनच्या कृष्णभक्तांनी १९७९ साली आपला सुवर्णमहाल खुला केला. रंगीत काच कापायला ते स्वतः शिकले होते आणि खिडक्यांत कृष्णच कृष्ण भरायला त्यांना कोणाची आडकाठी नव्हती. त्या महालातल्या प्रसिद्ध खिडक्याही मोरांच्याच. जयपूरच्या बिर्ला मंदिरात, १९८८ सालच्या संगमरवरी वास्तूत, काचेवर देव आहेत खरे, पण धर्मग्रंथांतल्या प्रसंगांच्या रूपाने, भिंतीच्या बाजूला. समोर लक्ष्मीनारायण संगमरवराचे. बडोद्याच्या खिडक्याही याच हिशेबात बसतात. दरबार हॉल म्हणजे देवघर नव्हे. तिथे गाणे व्हायचे, पाहुणे बसायचे, देव पाहुण्यांच्या पाठीशी शोभेला. कोणी तिथे निरांजन घेऊन उभे राहावे अशी अपेक्षा ना मांटची होती ना महाराजांची.

हल्ली बाजारात एलईडीने मागून उजळणाऱ्या तसबिरी मिळतात. गणपती, साईबाबा, बालाजी. बटण दाबले की चित्र पेटते. गणेश मंडळांच्या कमानींवर तर मागून दिवे सोडलेले देवांचे फलक वर्षानुवर्षे झळकत आहेत. उजेड मागून आणि देव पूजेचा, मग सगळी मांडणी कोसळली का? कमानीवरचा फलक बाजूला ठेवू, तो जाहिरातीच्या घराण्यातला आहे. तसबिरीचा विचार केला पाहिजे. तिच्यात खिडकीच्या तीनही अडचणी मिटवलेल्या आहेत. ती रात्री विझत नाही, उलट रात्रीच जास्त शोभते. तिला दुसरी बाजू नाही. पाठ भिंतीला, त्यामुळे सोंड उलटत नाही आणि अंगणातून कोणी देवाची पाठ पाहत नाही. आणि डोळे धूसर होत नाहीत, कारण छापणारा चेहऱ्यामागचा उजेड हवा तसा वाढवतो. राहिला फक्त मागचा दिवा, आणि त्याचे बटण भक्ताच्या हाताशी असते. सूर्याच्या मर्जीवर पेटणाऱ्या खिडकीपेक्षा या तसबिरीचे नाते तंजावरच्या वर्खाशी जवळचे आहे: चितारी दागिन्यामागे चकाकी चिकटवायचा, आता तिथे वायर जोडली जाते, आणि कुंकवाचे बोट पूर्वीसारखेच पुढच्या काचेवर उमटते.